लिलावाच्या कॅटलॉगमधून चित्राचा माग आणि भाव कसा काढावा

आजोबांनी कधीतरी घेतलेलं, धुरंधरांची सही असलेलं जलरंगातलं चित्र घरात असतं. किंवा ओळखीतून निरोप येतो की हुसेनचं छोटं ड्रॉइंग आहे, स्वस्तात मिळतंय. दोन्ही वेळा मनात दोन प्रश्न येतात: हे खरं आहे का, आणि याचे किती? बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नावर आधी उडी घेतात. इंटरनेटवर चित्रकाराचं नाव टाकतात, कोटींचे आकडे बघतात आणि हरखून जातात. माझं ठाम म्हणणं आहे की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. चित्र कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं हे ज्याला सांगता येतं, त्यालाच त्याच्या भावाबद्दल काही बोलता येतं. आणि हे दोन्ही शिकायला लिलावाच्या कॅटलॉगइतकं चांगलं साधन सामान्य माणसाच्या आवाक्यात दुसरं नाही.

कॅटलॉग विकण्यासाठीच छापलेला असतो, हे आधी लक्षात घ्या. मोठा फोटो आणि कौतुकाचा निबंध हे ग्राहकासाठी असतात. पण चित्राखालच्या बारीक टाइपातल्या ओळी जपून लिहिलेल्या असतात, कारण उद्या वाद झाला तर त्याच ओळी समोर ठेवल्या जातात. आपलं काम मुख्यतः त्या बारीक टाइपाशी आहे.

पुढची उदाहरणं मी भारतीय आधुनिक चित्रकलेतली घेतली आहेत. या बाजाराचा मोठा भाग मुंबईतून चालतो आणि त्यातले अनेक चित्रकार जे. जे.मधून शिकून बाहेर पडलेले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला इथे पाय रोवणं सोपं जातं.

पहिली पायरी: कॅटलॉग गोळा करा

सॅफ्रनआर्ट या लिलाव-संस्थेने मुंबईतून २००० साली ऑनलाइन लिलाव सुरू केले. त्यांचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून बघता येतात. पंडोल्स आणि अस्तागुरू यांचंही तसंच आहे. ख्रिस्तीज आणि सदबीज या परदेशी लिलाव-संस्थांच्या संकेतस्थळांवर साधारण नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासूनचे निकाल सापडतात. सगळ्या संस्थांचे आकडे एकत्र देणाऱ्या आर्टनेटसारख्या सेवांना पैसे पडतात. एक-दोन चित्रांपुरतं काम असेल तर त्या घेण्याची गरज नाही.

त्याआधीच्या लिलावांसाठी छापील कॅटलॉगच शोधावा लागतो. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या हर्विट्झ दांपत्याचा भारतीय चित्रांचा प्रचंड संग्रह सदबीजने न्यूयॉर्कमध्ये १९९५, १९९६ आणि २००० साली विकला. आज बाजारात येणाऱ्या कितीतरी चांगल्या चित्रांच्या इतिहासात या लिलावांचं नाव येतं. असे कॅटलॉग जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, कलामहाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आणि परदेशी जुनी पुस्तकं विकणाऱ्यांकडे मिळतात. युरोपीय चित्रांवर काम करणाऱ्यांचं नशीब याबाबतीत चांगलं आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९४५ पर्यंतचे हजारो लिलाव-कॅटलॉग स्कॅन करून खुले ठेवले आहेत आणि गेटी संस्थेची प्रोव्हेनन्सची, म्हणजे मालकीच्या इतिहासाची, सूचीही फुकट वापरता येते.

एक सवय आत्तापासून लावून घ्या. लिलाव होण्यापूर्वीच कॅटलॉगची पीडीएफ उतरवून ठेवा. न विकलेली किंवा ऐनवेळी मागे घेतलेली चित्रं काही संस्था लिलावानंतर आपल्या पानावरून काढून टाकतात. तुमच्याजवळ आधीची प्रत असेल तर कोणता लॉट, म्हणजे क्रमांक देऊन विकायला ठेवलेली वस्तू, गायब झाला हे कळतं, आणि ती फार मोलाची माहिती असते.

दुसरी पायरी: लॉटची नोंद वरून खाली वाचा

सर्वांत वर चित्रकाराचं नाव असतं. ते कसं लिहिलंय याला महत्त्व आहे. 'राजा रविवर्मा' एवढंच असेल तर संस्था म्हणते आहे की आमच्या मते हे त्यांचंच. 'अट्रिब्यूटेड टू' असेल तर बहुधा त्यांचं, पण खात्री नाही. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्यांच्या कार्यशाळेतल्या कुणाचं तरी. 'सर्कल ऑफ' आणि 'फॉलोअर ऑफ' म्हणजे त्यांच्या प्रभावातल्या दुसऱ्या हाताचं. 'मॅनर ऑफ' म्हणजे त्यांच्या धाटणीचं, पण नंतरच्या काळातलं. 'आफ्टर' म्हणजे नक्कल. या पायऱ्यांवर एक पाऊल खाली गेलं की किंमत शंभरातल्या नव्वदांनी उतरू शकते. प्रत्येक संस्था या शब्दांचा अर्थ कॅटलॉगच्या शेवटी छापते. तो भाग आधी वाचा.

रविवर्म्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि १९०१ मध्ये फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. तिथून निघालेले ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, महाराष्ट्रातल्या देवघरांत आणि दिवाणखान्यांत पसरले. घरात 'ओरिजिनल रविवर्मा' आहे असं सांगणाऱ्या बहुतेकांकडे यातलाच ओलिओग्राफ असतो. त्याला स्वतःची किंमत आहे, कॅटलॉगमध्ये त्याचे लॉटही येतात, पण त्याची तुलना तैलचित्राच्या भावाशी करायची नसते. उलटही घडतं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे. तरी त्याच्या छापील प्रती वर्षानुवर्षं रविवर्म्यांच्या नावावर खपत आल्या आहेत.

नावानंतर सही. 'साइन्ड' आणि 'बेअर्स सिग्नेचर' या दोन शब्दप्रयोगांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ सही चित्रकाराची. दुसऱ्याचा अर्थ चित्रावर सही आहे खरी, पण ती त्याच्या हातची आहे असं आम्ही म्हणत नाही. सही कोणत्या लिपीत आहे तेही नोंदलेलं असतं. हुसेन यांच्या चित्रांवर देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांतल्या सह्या सापडतात. चित्रकार सय्यद हैदर रझा चित्राच्या मागे नाव, साल, शीर्षक आणि मापं लिहीत. एकाच चित्रकाराच्या पंचवीस-तीस लॉटमधल्या सह्या एकाखाली एक लावून बघा. कोणत्या दशकात सही कुठे आणि कशी करायची सवय होती हे डोळ्यांना आपोआप कळू लागतं. हा अभ्यास कंटाळवाणा वाटतो, पण मी तर म्हणेन की बाकी काही केलं नाही तरी एवढं करा.

मग माध्यम, माप, साल. कॅनव्हासवरचं तैलरंग, कागदावरचं जलरंग, बोर्डवर चिकटवलेला कागद, प्रिंट असेल तर कितव्या क्रमांकाची प्रत, हे सगळं टिपून ठेवा. मापात उंची आधी देतात की रुंदी, ते संस्थेप्रमाणे तपासा.

तिसरी पायरी: मालकीचा इतिहास

'प्रोव्हेनन्स' या मथळ्याखाली येतो तो चित्राचा सातबाराच. कुणी कुणाकडून घेतलं, पुढे कुणाकडे गेलं, त्याची क्रमवार नोंद. काही नेहमीचे शब्दप्रयोग ओळखीचे करून घ्या. 'अक्वायर्ड फ्रॉम द अबव्ह' म्हणजे वरच्या ओळीतल्या मालकाकडून थेट घेतलं. 'देन्स बाय डिसेंट' म्हणजे तिथून वारशाने पुढे आलं. 'प्रायव्हेट कलेक्शन, मुंबई' म्हणजे मालक आहे, पण नाव सांगायचं नाही. हे नाव झाकणं गैर नाही. अनेक घराण्यांना आपण चित्र विकतोय हे जाहीर व्हायला नको असतं. मात्र सगळी साखळी अशाच बिननावाच्या ओळींची असेल, आणि तीही गेल्या वीस वर्षांतलीच, तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं चित्र त्याआधी कुठे होतं हा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकन संग्रहालयांच्या नोंदींत विरामचिन्हंही बोलतात. दोन मालकांमध्ये अर्धविराम असेल तर हस्तांतर थेट झालं, पूर्णविराम असेल तर मधला काळ अज्ञात. लिलाव-संस्था हा नियम पाळतीलच असं नाही. त्या बऱ्याचदा नुसत्या एकाखाली एक ओळी देतात. म्हणून प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये स्वतः विचारा: इथे कागद आहे की उडी?

चांगली साखळी कशी असते याचं ठळक उदाहरण हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा'चं आहे. १९५४ सालचं हे जवळजवळ चौदा फूट रुंद चित्र, तेरा चौकटींचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरांनी ते त्याच वर्षी विकत घेतलं. ते नॉर्वेला गेलं आणि १९६४ मध्ये त्यांनी ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला दिलं. सत्तर वर्षांत मालक फक्त दोन, आणि दुसरी तर सार्वजनिक संस्था. मार्च २०२५ मध्ये ख्रिस्तीजने न्यूयॉर्कला ते लिलावात ठेवलं तेव्हा अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलर. गेलं १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर. चित्राचा आकार आणि हुसेन यांच्या कामातलं त्याचं स्थान ही कारणं आहेतच. पण इतक्या स्वच्छ इतिहासाचं आणि इतका काळ बाजारात न आलेलं चित्र परत मिळणार नाही, हेही बोली लावणाऱ्यांना ठाऊक होतं.

आता तुमच्या हातातल्या नोंदीकडे या. तिच्यातली प्रत्येक ओळ तपासता येण्याजोगी आहे का ते बघा. तपासणीचं सगळ्यांत सोपं हत्यार म्हणजे तारखा. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उघडली. पंडोल आर्ट गॅलरी आणि गॅलरी केमोल्ड या दोन्ही १९६३ च्या. म्हणजे '१९६० मध्ये पंडोलकडून खरेदी' अशी ओळ दिसली तर तिथे थांबायचं. हुसेन, रझा, सूझा यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं पहिलं प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलोनमध्ये झालं. तेव्हा त्या प्रदर्शनाच्या नावापुढे जहांगीरचा पत्ता आला तर कुणीतरी अंदाजाने लिहिलंय. चित्रकारांचे मुक्कामही पाठ असू द्या. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कला. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि साठ वर्षं तिकडेच राहिले. रझांचं १९६५ सालचं चित्र 'मुंबईतल्या चित्रकाराच्या स्टुडिओतून थेट' घेतल्याचा दावा असेल तर जास्त खोलात विचारायला हवं.

'एक्झिबिटेड' आणि 'लिटरेचर' हे पुढचे दोन मथळे. चित्र कोणत्या प्रदर्शनात लागलं, कोणत्या पुस्तकात छापलं. इथे आळस करू नका, मूळ पुस्तक उघडून त्या पानावरचा फोटो आणि लॉटचा फोटो शेजारी ठेवून बघा. एकाच शीर्षकाची, जवळपास त्याच मापाची दोन-तीन चित्रं एका चित्रकाराने केलेली असतात, आणि कॅटलॉगमधला संदर्भ त्यातल्या दुसऱ्याच चित्राचा निघू शकतो. कडांजवळच्या ब्रशच्या खुणा, रंगाचे ओघळ, सहीचं अक्षर या गोष्टी जुळायला हव्यात. नुसता विषय जुळून भागत नाही.

मराठी वाचता येणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे आणि तो फार थोडे लोक घेतात. महाराष्ट्रातल्या चित्रकारांचा कितीतरी पुरावा मराठी नियतकालिकांत पडून आहे: प्रदर्शनांची परीक्षणं, दिवाळी अंकांतले रंगीत चित्रसंपुट, मुखपृष्ठं. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. त्यांचं मुखपृष्ठासाठी केलेलं मूळ चित्र समोर आलं तर छापलेला अंक हाच त्याच्या सालाचा साक्षीदार. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत बसून अंक चाळायला लागतात, कारण यातलं बरंच काही अजून इंटरनेटवर नाही. इंग्रजी कॅटलॉग लिहिणारे तिथवर सहसा पोचत नाहीत. तुम्ही पोचू शकता.

चौथी पायरी: चित्र उलटं करा

शक्य असेल तिथे लिलावापूर्वीच्या प्रदर्शनाला जा आणि मागची बाजू बघायला मागा. नाही जमलं तर मागच्या बाजूचे फोटो मागवा. संस्था ते देतात. लेबलं, शिक्के, खडूचे आकडे, फ्रेमवाल्याचा पत्ता हे सगळं मागे असतं. ख्रिस्तीजकडे पूर्वी आलेल्या चित्रांच्या फ्रेमवर किंवा स्ट्रेचरवर, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीवर, काळ्या स्टेन्सिलने अक्षरं आणि आकडे उमटवलेले असत. त्यावरून जुना लिलाव शोधता येतो.

लेबलाचं वय ठरवायला दोन खिळे पक्के आहेत. आपल्याकडे सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधी 'बॉम्बे १', 'बॉम्बे २६' असं लिहीत. आणि शहराचं इंग्रजीतलं अधिकृत नाव १९९५ मध्ये बदललं. म्हणून १९६८ च्या प्रदर्शनाचं म्हणून दाखवलेल्या लेबलावर ४००००१ छापलं असेल, तर ते लेबल नंतरचं आहे. एवढ्यावरून चित्र खोटं ठरत नाही. नंतर कुणी फ्रेम बदलली असेल, लेबल तेव्हा लागलं असेल. पण त्या लेबलाचा १९६८ चा पुरावा म्हणून उपयोग संपला.

लेबलावरचा जोर जितका जास्त, तितकी मी सावध होते. प्रमाणपत्रांचंही तसंच. चित्रकाराच्या नातेवाइकाने किंवा ओळखीच्या समीक्षकाने दिलेलं एका पानाचं 'ऑथेंटिसिटी सर्टिफिकेट' हा मालकीच्या इतिहासाला पर्याय नाही. २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या चित्रांचं एक प्रदर्शन भरलं, उद्घाटनाला खुद्द रझा आले आणि भिंतीवरची बहुतेक चित्रं आपली नाहीत असं त्यांनी सांगितलं. चित्रकार हयात असताना ही गत, तर तो गेल्यावर काय होत असेल याचा विचार करा.

पाचवी पायरी: आकड्यांचा अर्थ लावा

कॅटलॉगमधला अंदाज म्हणजे एस्टिमेट दोन आकड्यांत असतो, खालचा आणि वरचा. विक्रेत्याने ठरवलेली गुप्त राखीव किंमत सहसा खालच्या आकड्याच्या वर नसते. भारतीय कॅटलॉगमध्ये रुपये आणि डॉलर दोन्ही देतात. डॉलरचा दर कॅटलॉग छापताना धरलेला असतो.

आता नवख्यांची हमखास फसगत होते ती जागा. अंदाज हा हातोड्याच्या किमतीचा, म्हणजे लिलावात लागलेल्या शेवटच्या बोलीचा, असतो. जाहीर होणारा निकाल मात्र खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन, म्हणजे बायर्स प्रीमियम, मिळवून असतो. दोन्ही थेट शेजारी ठेवले की प्रत्येक चित्र अंदाजापेक्षा महाग गेल्यासारखं दिसतं. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीजने मुंबईत पहिला लिलाव केला. त्यात वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ चं चित्र होतं, अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटी. हातोडा साडेवीस कोटींवर पडला, आणि वर्तमानपत्रांत आकडा आला २३ कोटी ७० लाख. मधले तीन कोटी वीस लाख प्रीमियमचे. कर यात सहसा नसतो. चित्रांवरचा जीएसटी पूर्वी १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. लॉट परदेशात ठेवलेला असेल तर आयात शुल्क वेगळं.

प्रीमियमचे दरही काळाप्रमाणे बदलत गेले आहेत. लंडनमध्ये ख्रिस्तीज आणि सदबीज यांनी तो १९७५ मध्ये सुरू केला, तेव्हा १० टक्के होता. त्याआधीचे लंडनचे आकडे म्हणजे शुद्ध हातोडा. म्हणून वहीत प्रत्येक निकालापुढे 'हातोडा' की 'प्रीमियमसह' हे लिहाच. दर कॅटलॉगच्या शेवटच्या पानांत छापलेला असतो, त्यावरून उलट हिशेब करून हातोडा काढता येतो.

तुलनेसाठी निवडायचे लॉट खरोखर तुलनेचे हवेत. चित्रकार तोच, कालखंड तोच, माध्यम तेच, माप जवळपास तेच, विषय त्याच जातीचा, आणि लिलावही गेल्या चार-पाच वर्षांतला. गायतोंडे वर्षाला मोजकीच मोठी कॅनव्हास करत, त्यामुळे त्यांच्या कागदावरच्या शाईच्या कामाचा भाव काढताना कॅनव्हासचे कोटींचे आकडे काहीच सांगत नाहीत. कागदाचे लॉट वेगळे काढा. त्यातही साठच्या दशकातले आणि ऐंशीच्या दशकातले वेगळे ठेवा. हुसेन यांच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं आहे. त्यांनी इतक्या प्रकारचं आणि इतकं काम केलं की 'हुसेनचा भाव' असा काही नसतोच. पन्नासच्या दशकातलं तैलचित्र, सत्तरीतले घोडे, शेवटच्या वर्षांतले सेरिग्राफ (जाळीतून रंग दाबून काढलेल्या प्रती) हे तीन निरनिराळे बाजार आहेत.

चौरस इंचाला अमुक रुपये असा हिशेब काही दलाल अजून सांगतात. तो मला साफ नामंजूर आहे. लहान चित्र दर इंचाला महाग पडतं, फार मोठं चित्र घरात मावत नाही म्हणून स्वस्त पडतं, आणि चित्राचा दर्जा या हिशेबात कुठेच येत नाही.

सहावी पायरी: एकच चित्र, दोन लिलाव

भावाबद्दल सर्वांत भरवशाचं सांगतं ते परत विक्रीला आलेलं तेच चित्र. कारण इथे माप, विषय, दर्जा काहीच बदलत नाही, फक्त काळ बदलतो. सूझा यांचं १९५५ चं 'बर्थ' घ्या. जून २००८ मध्ये ख्रिस्तीजच्या लंडनच्या लिलावात ते १२ लाख ७३ हजार पौंडांना गेलं, म्हणजे तेव्हाचे सुमारे २४ लाख ९० हजार डॉलर. सप्टेंबर २०१५ मध्ये तेच चित्र ख्रिस्तीजने न्यूयॉर्कला विकलं, ४० लाख ८५ हजार डॉलरना.

डॉलरमध्ये वाढ साधारण ६४ टक्के. रुपयांत मोजाल तर २००८ मध्ये डॉलर ४३ रुपयांच्या आसपास होता आणि २०१५ मध्ये ६६ च्या. म्हणजे साडेदहा-अकरा कोटींचे सत्तावीस कोटी, अडीचपट. पौंडात दुपटीच्या जरा वर. चित्र एक, विक्री एक, आणि वाढीचे आकडे तीन. बातमीत जो आकडा येतो तो सहसा सगळ्यांत मोठा असतो.

आणखी पुढे जा. २०१५ ची रक्कम प्रीमियम धरून आहे. त्या वेळच्या दरतक्त्याने उलट हिशेब केला तर हातोडा ३५ लाख डॉलरला पडलेला निघतो. २००८ मध्ये घेणाऱ्याने २४ लाख ९० हजार भरले होते, त्याच्या हिशेबात ३५ लाखच येतात, आणि त्यातूनही विक्रेत्याचं कमिशन, विमा, वाहतूक वजा होऊ शकते. म्हणजे सात वर्षांत डॉलरमध्ये चाळीस टक्के, वर्षाला पाच टक्केसुद्धा नाहीत. सूझा यांच्या उत्तम चित्रांपैकी एकाची ही कथा. चित्राकडे गुंतवणूक म्हणून बघणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने करावा.

परत विक्रीला आलेलं चित्र शोधायला त्याच्या 'प्रोव्हेनन्स'मध्ये जुन्या लिलावाची तारीख आणि लॉट क्रमांक बघा. तो दिलेला नसेल तर शीर्षक, साल आणि माप टाकून शोधा. शीर्षकावर विसंबू नका. 'अनटायटल्ड' नावाची चित्रं शेकड्यांनी आहेत आणि काही चित्रांची नावं दोन लिलावांच्या मध्ये बदलतात. माप सहसा बदलत नाही. मात्र दोन कॅटलॉगमध्ये माप इंच-दोन इंचांनी वेगळं निघालं तर कॅनव्हास कापलाय का, फ्रेमसकट मोजलंय का, हे विचारा. नोंदीत एखादा जुना लिलाव गाळलेला आढळला तर तो लिलाव नक्की उघडून बघा. बहुधा तिथे चित्र विकलंच गेलं नव्हतं, किंवा नाव एक पायरी खाली लिहिलं होतं.

न विकलेल्या लॉटबद्दल लोक बोलत नाहीत. माझ्या मते ते लॉट भावाची वरची मर्यादा दाखवतात: एवढ्याला कुणीही घेतलं नाही. एखाद्या चित्रकाराच्या दहा लॉटपैकी चार पडून राहिले आणि सहा चढ्या भावाने गेले, तर सहांची सरासरी हा त्याचा भाव नव्हे. चौघांचाही हिशेब धरा. लॉट क्रमांकाशेजारची छोटी चिन्हंही बघा: विक्रेत्याला किमान किमतीची हमी दिली आहे का, चित्रात खुद्द लिलाव-संस्थेची मालकी आहे का, तिसऱ्या कुणी आधीच बोली बांधून ठेवली आहे का. अशा लॉटचा निकाल तुलनेत धरताना शेजारी खूण करून ठेवा. चिन्हांचा अर्थ प्रत्येक संस्थेत वेगळा, तो शेवटच्या पानांत मिळतो.

कायद्याच्या दोन गोष्टी भावाशी जोडलेल्या आहेत

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलानिधी ठरलेली आहेत: रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ ठाकूर, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. यांची भारतातली चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत, देशात विकता येतात. शंभर वर्षांहून जुन्या चित्रांनाही निर्यातबंदी लागते. कॅटलॉगमध्ये अशा लॉटखाली तशी सूचना असते. म्हणून जामिनी रॉय यांच्या लंडनच्या आणि मुंबईच्या निकालांची तुलना करताना हे दोन बाजार आहेत हे ध्यानात ठेवा. शेरगिल यांचं 'द स्टोरीटेलर' सप्टेंबर २०२३ मध्ये ६१ कोटी ८० लाखांना गेलं ते देशाबाहेर नेता येणार नाही हे माहीत असतानाच.

दुसरी गोष्ट हमीची. विक्रीच्या अटी वाचा. ख्रिस्तीजच्या अटींत खरेपणाची हमी पाच वर्षांची असते आणि ती मोठ्या अक्षरांत छापलेल्या मथळ्यापुरतीच. खालच्या मालकीच्या इतिहासाला, प्रदर्शनांच्या यादीला ती लागू नाही. तेवढा भाग तपासणं तुमच्यावर आहे, आणि वरच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

शेवटी संस्थेला लिहा

एवढं झाल्यावर जे प्रश्न उरले ते लिलावाच्या किमान आठवडाभर आधी ईमेलने विचारा. संबंधित विभागाचा पत्ता कॅटलॉगच्या पहिल्या पानांत असतो. पत्र लहान ठेवा: लॉट क्रमांक, आणि नेमके प्रश्न. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेचा अहवाल, मिळेल का. मागच्या बाजूचे, स्ट्रेचरचे आणि लेबलांचे फोटो मिळतील का. 'प्रायव्हेट कलेक्शन' या ओळीमागे कोणत्या सालापासूनचा कागद आहे, नाव सांगू नका, पण कागद आहे का. अमुक सालच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत हे चित्र कितव्या क्रमांकावर आहे. चित्रकाराच्या प्रतिष्ठानाला किंवा त्याच्या समग्र कामाची सूची करणाऱ्यांना हे चित्र दाखवलं आहे का.

बोली लावायची नसली तरी विचारायला हरकत नाही, मी विद्यार्थी किंवा संशोधक आहे असं स्पष्ट सांगा. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका, लेखीच मागा. ते पत्र लॉटच्या पीडीएफसोबत, तारीख घालून, एकाच फोल्डरमध्ये ठेवा. घरातल्या चित्राचा माग काढत असाल तर आजी-आजोबांची पावती, फ्रेमवाल्याचं बिल, भिंतीवर ते चित्र दिसणारा जुना कौटुंबिक फोटो हेही त्याच फोल्डरमध्ये घाला आणि फोटोत कोण आहे, साधारण कधीचा आहे, ते सांगणारं माणूस घरात आहे तोवर मागे लिहून घ्या.